निवटीच्या आतला बाप

धनेश भोईर टीव्हीवर असतो, हे त्याच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. फक्त त्याला टीव्हीवर अजून कोणी पाहिलेलं नाही. वसईच्या खाडीकाठच्या त्या गावात कोणी त्याचं घर विचारलं, तर लोक आधी हसतात आणि मग हात दाखवतात. "अस्वलात जातो तो ना? सरल जा, मंग डावीकरं."

लहान मुलांच्या एका वाहिनीवर रोज सकाळी दोन तास कार्टूनं लागतात. त्या दोन तासांना वाहिनीने 'खोडकर तास' असं नाव दिलंय, आणि त्याचा म्होरक्या म्हणजे पोमटू नावाचं निळं अस्वल. पडद्यावरचा पोमटू कॉम्प्युटरवर बनतो. पण मॉलमध्ये, शाळांत, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या खास कार्यक्रमांत जो पोमटू पोरांना मिठ्या मारत फिरतो, त्याच्या आत गेली नऊ वर्षं धनेश आहे. हे काम सोपं वाटणाऱ्याने मे महिन्यात दोन गोधड्या अंगावर घेऊन, डोक्यावर पिंप ठेवून वीस मिनिटं नाचून बघावं. धनेशला अस्वलाच्या तोंडातल्या जाळीतून समोरचं वीतभर दिसतं. बाकी सगळं त्याचा हात धरून चालणाऱ्या मितेशच्या भरवशावर.

मितेश हा कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीचा माणूस. वाहिनीचं काम ती कंपनी घेते आणि धनेशला ती कंपनी बोलावते. कामाचे नियम मितेशनेच पहिल्या दिवशी सांगितले होते. आत असताना तोंडातून शब्द काढायचा नाही. पोरांसमोर डोकं उतरवायचं नाही, मग जीव गेला तरी. आणि एका पोराला एक मिठी, तीन आकडे मोजून.

जीव जवळजवळ गेलाही होता. मागच्या उन्हाळ्यात ठाण्याच्या एका कार्यक्रमात धनेश अस्वलासकट आडवा झाला. पोरांना वाटलं पोमटू झोपला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवस सलाईन लागलं. बायकोने, रचनाने, वाहिनीच्या कचेरीत फोन केला तेव्हा तिकडून गोड आवाजात उत्तर आलं, की मॅडम, ते आमचे कर्मचारी नाहीत, तुम्ही कंपनीशी बोला. कंपनी म्हणाली, आमच्याकडे तर ते रोजावर येतात. म्हणजे दोन दिवस धनेश कोणाचाच नव्हता. तरी बरा झाल्यावर हा पठ्ठ्या पुन्हा अस्वलात शिरलाच. मला त्याचा राग येतो तो इथे. पण पोरं पोमटूला बघून जशी धावत येतात, तसं खाडीकाठच्या शेतकऱ्याकडे कोणी धावत येत नाही, हेही खरं.

यंदा मार्चमध्ये 'खोडकर तासा'ने स्पर्धा जाहीर केली. पोमटूसाठी नवा मित्र काढा. ज्याचं चित्र निवडलं जाईल, त्याचा मित्र मे महिन्यातल्या तासाभराच्या खास भागात येईल, आणि त्या मुलाचं किंवा मुलीचं नाव टीव्हीवर झळकेल. धनेशची मुलगी क्षितिजा पाचवीत. तिने पाच दिवस वही कोणाला दाखवली नाही. सहाव्या दिवशी दाखवली, तर त्यात निवटी होती.

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला बोटभर मासा. डोळे डोक्यावर, बेडकासारखे बाहेर आलेले. ओहोटी लागली की ती चिखलावर येऊन पुढच्या दोन परांवर रखडत चालते आणि पाऊल वाजलं की टुणकन उडी मारून बिळात जाते. क्षितिजाचा आजा, काळूराम, अजूनही गुडघाभर चिखलात उतरून हाताने निवट्या पकडतो, आणि नातीला बांधावर बसवून दाखवतो. पोरीने ती निवटी जशीच्या तशी काढली होती, फक्त पाठीवर दप्तर दिलं होतं. काळूरामने चित्र लांब धरून बघितलं आणि म्हणाला, "आत्ता उरी मारंल आनी जाईल बग."

चित्राबरोबर पालकांनी भरायचा फॉर्म होता. त्यात वडिलांचा व्यवसाय असा एक रकाना. धनेश आजवर कुठेही, शाळेत, बँकेत, रेशनला, 'शेती' असं लिहीत आला होता. अस्वल असं काय लिहिणार? पण हा फॉर्म त्या वाहिनीचाच होता. इथे तरी आपली किंमत कळेल, पोरीलाही बरं वाटेल, या विचाराने गडी फुलला. त्याने ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'तुमच्या खोडकर तासातला पोमटू (नऊ वर्षे)'. रचना म्हणाली, "कशाला? शेती लिही ना गप." धनेशने ऐकलं नाही.

एप्रिलच्या मध्यावर फोन आला. निवटी पहिली! क्षितिजा घरातून ओट्यावर, ओट्यावरून घरात अशी नाचली, काळूरामने आळीत पेढे वाटले. पंधरा दिवसांनी दुसरा फोन आला. आवाज तोच, गोड. फॉर्म आत्ता नीट तपासले, स्पर्धेच्या नियमाप्रमाणे वाहिनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना भाग घेता येत नाही, सॉरी सर.

धनेशला आधी कळेचना. मग तो म्हणाला, "मॅडम, मी दवाखान्यात होतो तेव्हा तुम्ही बोललात की मी कर्मचारी नाही."

"सर, त्याचं मला माहीत नाही. पण तुम्ही स्वतःच लिहून दिलंय ना?"

नऊ वर्षांत त्या लोकांनी त्याला आपलं म्हटलं ते एवढं एकदाच, आणि ते पोरीच्या ताटातलं काढून घ्यायला.

दुसऱ्या दिवशी मितेश स्वतः घरी आला. तो वाईट माणूस नाही, म्हणजे तोंडावर तरी नाही. ओट्यावर बसून त्याने चहा घेतला आणि खरं काय ते सांगितलं. निवटीवर काम पूर्ण झालंय, भाग बनत आलाय, आता पात्र बदलता येत नाही. बक्षीस दुसऱ्या नंबरच्या पोराला जाणार, नाशिककडचा कोणी कुशल आहे. त्याने रोबो काढला होता, पण स्टेजवर निवटीबरोबर तोच उभा राहणार. निवटीचं नावही बदललंय, आता ती झुबी.

"म्हणजे चित्र माझ्या पोरीचं आणि नाव त्याचं?" धनेश म्हणाला.

"भाऊ, ऐक तर. मी वरती बोललोय. भाग संपल्यावर नावं येतात ना सगळ्यांची, त्यात क्षितिजाचं नाव टाकायला लावतो. 'झुबीचं मूळ चित्र' असं. पण तू कुठे बोलायचं नाय. पेपरवाले, फेसबुक, काय नाय. बोललास तर नाव पण गेलं, नि तुझं काम पण." चहा संपवून त्याने आणखी एक सांगितलं. झुबीचा पोशाख आलाय, आतला माणूस बारीक नि चपळ पाहिजे, आणि पहिला कार्यक्रम बोळिंजच्या मॉलमध्ये आहे. "तुझ्याशिवाय कोण करणार?"

धनेशने हो म्हटलं. पोरीला जवळ बसवून सांगितलं, की तुझं नाव येणार आहे, शेवटी येणार, पण येणार, फक्त तोवर कोणाला सांगायचं नाही. क्षितिजाने विचारलं, "प्रॉमिस?" तो म्हणाला, "प्रॉमिस."

बोळिंजच्या मॉलमध्ये त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. झुबीला मोठे गुलाबी ओठ दिले होते आणि दप्तराच्या जागी केसांची रिबन. नाच बसवणाऱ्या मुलाने सांगितलं, की माशासारखं पोहायचं, हात असे असे. धनेशने मान हलवली. पण स्टेजवर गेल्यावर त्याला काय झालं कोण जाणे. तो पोहला नाही. तो खाली बसला, दोन्ही हात परांसारखे पुढे टेकले, अंग रखडत तीन पावलं आला, थांबला, डोळे वळवल्यासारखी मान वळवली आणि टुणकन उडी मारली. लहानपणापासून जे बघितलं, ते सगळं त्याने त्या फोमच्या पोशाखातून काढून दाखवलं. पोरं वेडी झाली. "अजून! अजून!" शेजारी उभा असलेला कुशलही खदखदून हसत होता, त्या बिचाऱ्याचा काय दोष? निवेदिकेने त्याच्यापुढे माईक धरला. "सांग, ही झुबी तुला कशी सुचली?" कुशलने आईकडे बघितलं. आईने खुणावलं. "अशीच," तो म्हणाला.

मग मिठ्यांची रांग लागली. एक, दोन, तीन, पुढचा. एक, दोन, तीन, पुढचा. धनेशला जाळीतून एक पिवळा फ्रॉक दिसला. रचना पोरीला घेऊन येणार हे त्याला ठाऊक नव्हतं. क्षितिजा पुढे आली, मिठी न मारता त्याच्या जाळीला तोंड लावून म्हणाली, "पप्पा, तो खोटं बोलला. तू सांग ना त्यांना. माईक तिथेच आहे."

माईक खरोखर तिथेच होता, चार हातांवर. डोकं उतरवायचं आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच. तेवढ्यात मितेशने त्याचा कोपर दाबला. धनेशच्या डोक्यात शेवटी येणारं ते नाव होतं. आज बोललो तर तेही जाईल, असं त्याने स्वतःला समजावलं. कामाची भीती त्याहून मोठी होती, ती त्याने स्वतःलाही सांगितली नाही. त्याने दोन्ही हात पसरले, पोरीला मिठी मारली, तीन मोजले आणि सोडली. क्षितिजा खांबासारखी उभी होती. मग नियमाप्रमाणे त्याने तिला हात हलवून टाटा केला, जसा आधीच्या चाळीस पोरांना केला होता.

पुढच्या रविवारी सकाळी अकरा वाजता खास भाग होता. काळूरामने आळीतल्या झाडून सगळ्यांना बोलावलं, आतल्या-बाहेरच्या मिळून तीस माणसं टीव्हीपुढे बसली. झुबी आली तेव्हा एकच कालवा झाला. पडद्यावरची झुबी निळ्याशार समुद्रात पोहत होती. काळूराम वैतागला. "निवटी पवतं क्या कवा? यांनी चिखल बगलाच नाय वाटतं." लोक हसले. तासभर पोमटू आणि झुबीने जग वाचवलं, मधे आठ वेळा बिस्किटांच्या जाहिराती आल्या, आणि भाग संपला. धनेश उठून टीव्हीला नाक लावून उभा राहिला. नावं आत्ता येणार.

नावं आली. पण ती सुरू होताक्षणी चित्र आक्रसलं आणि काडेपेटीएवढं होऊन कोपऱ्यात गेलं. उरलेल्या सगळ्या पडद्यावर पुढच्या आठवड्यातल्या कार्यक्रमाची ओरडाआरड सुरू झाली. कोपऱ्यातल्या त्या काडेपेटीत नावं मुंग्यांसारखी वर पळत होती. धनेशने डोळे फाडले, वितीवरून, बोटावरून बघितलं. एक अक्षर लागेना. पंधरा सेकंदांत सगळं संपलं आणि दात घासायच्या पेस्टची जाहिरात आली.

त्याने मितेशला फोन लावला. "असेल ना भाऊ," मितेश म्हणाला. "मी पण नाय बघितलं. पण असेल."

कोणी कोणाकडे बघेना. काळूरामने न राहवून विचारलं, "व्हता का रं पोरीचा नाव? मना तं कायच दिसला नाय."

पोशाख नव्हता, जाळी नव्हती, नियम नव्हता, तरी धनेशच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. तीस माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. नव्हतं म्हणावं, तर पोरीचं हसं होणार होतं. होतं म्हणायची त्याची हिंमत नव्हती.

"होतं," मागून आवाज आला. क्षितिजा पार दारापाशी, उंबऱ्यावर बसली होती. तिथून तिला टीव्हीचं डबडंसुद्धा नीट दिसलं नसेल. "मी वाचलं. 'झुबीचं मूळ चित्र, क्षितिजा धनेश भोईर.' पप्पांनी सांगितलं होतं तसंच होतं."

"मंग सांगत नाय व्हय आधी!" काळूराम ओरडला आणि घरभर टाळ्या सुरू झाल्या. कोणी पोरीला उचललं, कोणी धनेशच्या पाठीवर थाप मारली. टाळ्यांच्या वरून धनेशने तिच्याकडे बघितलं. तिने नजर खाली घातली, आपला बाप उघडा पडल्यावर मूल घालतं तशी. दहा वर्षांच्या पोरीने त्याची लाज झाकली होती. त्याने तिची निवटी सांभाळली नव्हती, हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं.

सगळे बघत होते, म्हणून धनेशनेही टाळ्या वाजवल्या.