झाकण उचलणाऱ्या प्रधानबाई

प्रधानबाई कोणाच्याही घरी गेल्या की चपला काढायच्या आणि सरळ स्वयंपाकघरात जायच्या. तिथे शेगडीवर, ओट्यावर, जे काही पातेलं असेल त्याचं झाकण उचलून आत डोकावायच्या. मग बाहेर येऊन खुर्चीवर बसत आणि म्हणत, "हं, बोला आता." पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, ही बाई जेवायलाच आली आहे. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आत कोलंबी दिसली तर बाईंचा आवाज मऊ होत असे, ते लपवण्याची त्यांना गरजही वाटत नसे.

बाई वकील होत्या. घाटकोपरला पंतनगरात, हौसिंग बोर्डाच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकट्या राहत. दिवाणी दावे, बिल्डरांची कामं, असली मलईची वकिली त्यांनी केली नाही. ज्यांची मुलं पोलिसांनी उचलून बालगृहात टाकली आहेत, ज्यांच्या नावावर कधीकाळची पोलीस केस चिकटली आहे आणि त्यापायी नोकरी अडली आहे, अशी माणसं त्यांच्या दारात बसलेली असत. "माझ्याकडे श्रीमंत अशील येत नाहीत," त्या सांगत. "श्रीमंतांची मुलं हरवली तर पोलीस ती घरी आणून देतात. गरिबांची हरवली तर आधी घराची चौकशी करतात."

माझी आणि त्यांची ओळख अशाच एका मुलामुळे झाली. मी तेव्हा म्युनिसिपल शाळेत शिकवत होते. माझ्या वर्गात विनू परब नावाचा एक कार्टा होता. अभ्यासात यथातथाच, पण म्हशींचं त्याला भयंकर वेड. पाटीवर म्हैस, वहीवर म्हैस, गणिताच्या पेपरावरसुद्धा उत्तराच्या जागी म्हैस. एकदा हा पठ्ठ्या शाळा सुटल्यावर बसमध्ये बसून थेट आरे कॉलनीत पोहोचला आणि गोठ्यात म्हशींपुढे बसून राहिला. त्या वेळी गोठ्यातल्या माणसांनी त्याला घरी पोचवलं. दुसऱ्यांदा गेला तेव्हा मात्र तो पोलिसांच्या हाती लागला. घर कुठे म्हणून विचारलं तर घाबरून गप्प. पाठीवर मोठा काळानिळा डाग. पोलिसांनी त्याची रवानगी रिमांड होममध्ये केली. मुलाला घरी मार बसतो का, घर त्याला ठेवण्याजोगं आहे का, याची चौकशी एका प्रोबेशन ऑफिसरकडे दिली. तांबे त्यांचं नाव.

परबांचं घर डोंगरावरच्या चाळीत होतं. विनूचा बाप दत्ताराम गिरणीत होता, संपानंतर एका वर्कशॉपमध्ये लागला होता. आई सुनंदा चार घरची पोळीभाजी करायची. ऑफिसर घर बघायला येणार असं कळलं आणि चाळीने कंबर कसली. आता, कोणीतरी घर बघायला येणार म्हटल्यावर आपल्या लोकांना एकच कार्यक्रम माहीत असतो. त्यांनी तोच केला. शेजारच्या सावंतांचा टीव्ही आला. पलीकडून वेताच्या खुर्च्या आल्या, पडदे आले, कोणाचा तरी पलंगही आला. विनूने कोळशाने म्हशी काढून ठेवलेली भिंत चुन्याने रंगवली. त्याची फाटकी गोधडी, मातीची जनावरं, गोट्यांचा डबा, सगळं माळ्यावर गेलं. सुनंदाला लग्नातला शालू नेसवला. खोबरं-कोथिंबीर भुरभुरलेले कांदेपोहे तयार होते. फक्त मुलगी गाणं म्हणायची बाकी होती.

तांबेसाहेबांनी पोहे खाल्ले नाहीत. टीव्ही लावा म्हणाले, तर घरात प्लगच नव्हता. "मुलगा झोपतो कुठे?" म्हणून विचारलं, तर दत्तारामने पलंग दाखवला आणि त्याच वेळी सावंतवहिनींनी खाली जमीन दाखवली. शेवटी साहेबांनी विचारलं, "तुमच्यावर कधी पोलीस केस?" दत्ताराम छाती पुढे काढून म्हणाला, "नाय साहेब. कधीच नाय." साहेबांच्या बॅगेत त्याच्या केसचा कागद होता.

त्यांनी कोर्टात रिपोर्ट दिला. घर नीटनेटके आहे, परंतु तेथे मूल राहत असल्याची कोणतीही खूण आढळली नाही, आणि वडिलांनी आपली शिक्षा लपवली. सुनंदा शाळेत माझ्यासमोर येऊन बसली. "टीचर, चाळीतल्यांनी इतका केल्यानी. मग माज्या झिलाक, विनूक परत कित्या देत नाय?" मला कोणीतरी प्रधानबाईंचं नाव सांगितलं होतं, म्हणून तिला घेऊन त्यांच्याकडे गेले.

बाईंनी सगळं ऐकलं. पोह्यांचा भाग ऐकताना त्यांनी तोंडाला पदर लावला होता, तो हसू लपवायला हे मला नंतर कळलं. मग उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चला, घर दाखवा. मास्तरीणबाई, तुम्ही पण."

डोंगर चढून गेल्या, आत गेल्या, झाकण उचललं. डाळ होती, अर्धी खाल्लेली. "हं, इथे माणसं राहतात," त्या म्हणाल्या. टीव्ही आणि पलंग अजून तिथेच होते, कारण साहेब पुन्हा येतील अशी चाळीला आशा होती. बाईंनी सावंतांना हाक मारली. "तुमचा टीव्ही घेऊन जा हो. आणि मेहेरबानी करून यांच्या मुलासाठी परत काही करू नका." सावंतांना राग आला. बाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. सुनंदाला म्हणाल्या, "हे बघ, कायदा म्हणजे दारात आलेला पाहुणा. त्याला घर दाखवावं गं, देखावा दाखवू नये. देखावा बघितला की त्याला वाटतं, मागे काहीतरी झाकलंय."

दत्तारामचं खरं दुखणं ती केस होती. संपाच्या दिवसांत एका मोर्चात दगडफेक झाली, त्यात तो सापडला. त्याने गुन्हा कबूल केला, आणि मॅजिस्ट्रेटने तुरुंगात न घालता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून दिलं. हमीची मुदत कधीच संपली होती. तरी तो चौकीवरून जाताना मान खाली घालायचा. "बाई, तेवढं माझं नाव पुसून टाका," त्याने हात जोडले. "एक माणूस पुसून देतो म्हणत होता."

"तो तुला पुसेल, नाव नाही पुसणार," बाई म्हणाल्या. "पोलिसांची वही म्हणजे शाळेची पाटी नाही रे, थुंकी लावून साफ करायला. पण कोर्टाने काय म्हटलं होतं ते कोणी तुला समजावलं का? अशा हमीवर सुटलेल्या माणसाला त्या शिक्षेपायी कुठे अपात्र धरायचं नाही, असं कायद्यातच लिहिलंय. हुकुमाची नक्कल मी काढून आणते. तू फक्त खरं बोलायला शीक."

हे शेवटचं सगळ्यात कठीण निघालं. बाईंची एक पद्धत होती. अशिलाच्या घरी जाऊन त्या स्वतः ऑफिसर व्हायच्या आणि तालीम घ्यायच्या. उलट्या डब्यावर बसून, चष्मा नाकावर ओढून, त्यांनी दत्तारामला विचारलं, "काय परब, मुलाला मारता म्हणे?" तो भडकला. "कोण बोलतो? आणा त्याला समोर." बाई म्हणाल्या, "वाट लागली. गेला मुलगा. पुन्हा." पुन्हा विचारलं तर तो संप, मालक, युनियन यांवर भाषण द्यायला लागला. "मला मोर्चा नको, मला दगड सांग. कोणाला लागला?"

"दुकानाच्या पाटीला."

"मग पाटीचं सांग ना. मी तर समजत होते माणूस फोडलास." त्या क्षणी दत्ताराम पहिल्यांदा हसला. बाई मला म्हणाल्या, "बघितलंत? आपली भानगड आपल्या तोंडून निघाली तर एवढीशी असते. दुसऱ्याच्या तोंडून निघाली की तिला पाय फुटतात."

बाईंनी कोर्टाकडून नव्याने चौकशीचा हुकूम मिळवला. तांबेसाहेब कधी येणार हे या वेळी कोणालाच माहीत नव्हतं, बाईंनी विचारूही दिलं नाही. ते आले तेव्हा सुनंदा दारात बसून बांगडे साफ करत होती, दत्ताराम बनियनवर होता. विनूची गोधडी खुंटीवर परत आली होती, गोट्यांचा डबा कोपऱ्यात होता. आणि भिंतीवर एक गंमत झाली होती. चाळीने लावलेला चुना हलका निघाला. त्याखालून कोळशाच्या म्हशी हळूहळू वर आल्या होत्या, शिंगांसकट.

"हे काय?" साहेबांनी विचारलं. सुनंदा बांगडे तसेच टाकून उठली. दत्तारामने साहेबांना पाणी दिलं आणि त्यांनी विचारायच्या आत म्हणाला, "साहेब, गेल्या वेळी मी खोटं बोललो. माझ्यावर केस झाली होती. मी दगड मारला होता, दुकानाच्या पाटीला. भिंतीवरच्या या म्हशी विनूनं काढल्यात. तो गेल्यापासून मी तिकडे तोंड करून झोपत नाही." हे शेवटचं वाक्य तालमीत नव्हतं.

पाठीवरच्या डागाचं मी कोर्टात सांगितलं. विनू शाळेच्या कुंपणभिंतीवरून माझ्यादेखत पडला होता, हळद मीच लावली होती. मॅजिस्ट्रेट मायाळू होत्या. त्यांनी विनूला जवळ बोलावून विचारलं, "घरी जायचंय?" तो हो म्हणाला. "मग परत म्हशी बघायला पळून जाणार का?" विनूने विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "हो." बाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. पण मॅजिस्ट्रेटबाई हसल्या. मुलगा आईबापांकडे द्यावा, तांबेसाहेबांनी काही काळ देखरेख ठेवावी, असा हुकूम झाला. बाहेर आल्यावर बाईंनी आपला हुकूम काढला, "दत्ताराम, दर रविवारी याला आरेला नेऊन आणायचं. मुलाचं वेड आपण सांभाळावं, पोलिसांवर सोडू नये."

त्यानंतर बाईंची आणि माझी मैत्री झाली ती कायमची. अशिलांच्या घरी त्या मलाही ओढून नेत. त्यांची बसची रांग मोडणाऱ्यांशी भांडणं, शेवयांसारखं किरटं अक्षर, सोड्यांच्या खिचडीसाठी कोणाच्याही बारशाला जायची तयारी, या सगळ्यावर मी त्यांना चिडवत असे. एकटं राहून कंटाळा येत नाही का, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "माझ्याकडे चौकशीला कोणी येत नाही, हे केवढं सुख आहे."

पुढे काही वर्षांनी त्या दिसेनाशा झाल्या. फोन केला की म्हणत, "झकास आहे गं, थोडी कामं आहेत." माझा विश्वास बसला. सुनंदाचा बसला नाही. एका सकाळी ती मला घेऊन त्यांच्याकडे गेली. बाईंनी दार उघडलं. इस्त्रीची साडी, केस बांधलेले, टेबलावर कपबशा मांडलेल्या, फुलदाणीत ताजी फुलं. खूप वाळल्या होत्या, पण हसत होत्या. "या, या. मी कशी मजेत आहे बघा."

सुनंदाने चपला काढल्या आणि ती सरळ स्वयंपाकघरात गेली. आतून झाकणांचे आवाज आले. एक, मग दुसरं. बाईंचं हसू हळूहळू मावळलं. सुनंदा पदराला हात पुसत बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाई, घर बरा नीटनेटका आसा. पण हयसर माणूस रवता असा काय वाटना नाय."

बाई खुर्चीत बसल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "पोटात गाठ आहे. डॉक्टर फार आशा देत नाहीत. सांगायचं होतं, पण तुम्ही उगाच धावपळ केली असती." मी रडले. सुनंदा रडली नाही, तिने गॅसवर भात टाकला.

त्या दिवसापासून परबांकडून रोज डबा जाऊ लागला. विनू आता चांगला उंच झाला होता, तोच घेऊन जायचा. बाईंच्या पोटात दोन घासांच्या वर काही राहत नसे. तरी डबा आला की त्या उशीला टेकून बसत, स्वतःच्या हाताने झाकण उचलत, वास घेत आणि माझ्याकडे बघून म्हणत, "बांगडा. हं, घर ठीक आहे. मुलगा यांच्याकडेच राहू द्या."