बाराव्या फ्रेममधली उघाडी

रोह्यात राहणारे अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सातच्या एस.टी.ने पेणला जायला निघाले आणि संध्याकाळी घरी परतले नाहीत. माझ्या निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते. नोकरीतली बरीच प्रकरणे आता कागद पाहिल्याशिवाय आठवत नाहीत. या प्रकरणाला कागद लागत नाही.

गृहस्थ एका कारखान्यात शिफ्ट ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुने फिल्म कॅमेरे दुरुस्त करायचा छंद लावून घेतला होता. त्या दिवशी त्यांच्याकडे रेंजफाइंडर जातीचा, साठेक वर्षांपूर्वीचा एक कॅमेरा होता. अशा कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सभोवतीची कडी फिरवून त्या एकमेकींवर बसल्या की फोकस झाला असे समजायचे. ही जुळणी बरोबर बसली आहे का, हे रोल टाकून वेगवेगळ्या अंतरांवरचे फोटो काढल्याशिवाय कळत नाही. त्यासाठीच ते बाहेर पडले होते. नक्की कुठे जाणार, हे त्यांनी घरी सांगितले नव्हते. मोबाइल संध्याकाळपासून बंद होता. शेवटचा टॉवर पेणजवळच्या खाडीचा होता आणि तो दोन्ही काठांना लागू पडत होता.

बुधवारी बेपत्ता म्हणून नोंद झाली. मी पेण तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी असल्यामुळे शोध आमच्याकडे आला. पत्नीने फोनवर मला दोन गोष्टी सांगितल्या. "साहेब, त्यांचा फोटो पाठवताय तसं कॅमेऱ्याचं वर्णनही पाठवा. माणसाला कोणी बघत नाही, पण तो कॅमेरा कोणीतरी बघेल." आणि दुसरी, "रक्तदाबाची गोळी इथेच राहिली आहे. एक दिवस चालतं. त्यापुढे मला माहीत नाही."

वर्णन आम्ही तालुक्यातल्या फोटो स्टुडिओंच्या ग्रुपवर टाकले. गुरुवारी सकाळी पेणमधल्या एका स्टुडिओवाल्याचा फोन आला. "साहेब, एक जण जुना कॅमेरा दाखवायला आलाय. आत रोल आहे. मी त्याला चहावर बसवून ठेवलाय, लवकर या."

आलेला माणूस खाडीकाठच्या गावातला, मिठागरावर काम करणारा, पंचेचाळीसचा. बुधवारी सकाळी सायकलवरून कामाला जाताना त्याला कॅमेरा उघाडीच्या कठड्यावर दिसला होता. उघाडी म्हणजे खाडीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांधात बसवलेले दार.

"कॅमेरा काय चिंबोरीसारखा बांधावर चालत आला का रे?" आमच्या हवालदारांनी विचारले.

"मना काय म्हाईत, साहेब? मी दोन हाका मारल्या. कोन नाय दिसला. ठेवला असता तं भरतीच्या वाऱ्यानं खाली गेला असता. म्हनून घरी नेला. कुनाचा हाय ते इचारायलाच इथं आलू ना!"

त्याला ठाण्यात बसवले आणि रोलकडे वळलो. पेणमध्ये फिल्म धुण्याची सोय राहिलेली नव्हती. ती त्या गृहस्थांच्या घरी होती. स्टुडिओवाल्याला घेऊन दुपारी रोह्याला गेलो. बाथरूममध्ये रसायनांच्या बाटल्या ओळीने होत्या. प्रत्येकीवर किती मिनिटे ठेवायचे, ते त्यांच्या अक्षरात लिहिलेले होते. पत्नीने खिडकीला काळे कापड लावून दिले आणि बाहेर स्टुलावर बसून राहिल्या. स्टुडिओवाल्याने पंधरा वर्षांत फिल्मला हात लावला नव्हता. पण रोल नीट निघाला. बारा फ्रेम होत्या. पट्ट्या वाळल्यावर त्याने त्या घरच्याच स्कॅनरवर ठेवल्या. साध्या कागदावर प्रिंट काढून मी निघालो. दारात पत्नीने विचारले, "काही दिसलं का?" मी सांगितले, "जागा दिसली."

पहिल्या आठ फ्रेममध्ये गणपतींच्या मूर्तींच्या रांगा होत्या. फोकस तपासायला जवळ-दूरच्या रांगा सोयीच्या असतात, हे स्टुडिओवाल्याने सांगितले. आम्ही त्या बाजूला ठेवल्या. पुढच्या तीन फ्रेम बांधावरच्या होत्या. बाराव्या फ्रेममध्ये सरळ जाणारा बांध, उघाडीचा कठडा आणि मागे टेकडी. खाडी डाव्या हाताला.

मिठागर कामगार सांगत होता ती उघाडी अलीकडच्या काठावर होती. टेकडीकडे तोंड केले की तिथे खाडी उजव्या हाताला येते. पलीकडच्या काठावर तशीच दुसरी उघाडी आहे. तिथून खाडी डावीकडे दिसते. मी प्रिंट त्याच्यापुढे ठेवली. त्याने बांधावरून कठड्यापर्यंत बोट फिरवले.

"उघाडी आमचीच वाटतं, साहेब. पन खाडी हिकडं कशी आली?"

"तेच तू सांग."

"चला ना माझ्यासंगं. मी दाखवतू कुठं व्हता तो. आत्ता चला."

चौकशीत खोटे बोलणारा माणूस पोलिसांना खऱ्या जागेपासून लांब न्यायला बघतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव होता. त्याने जितका आग्रह केला, तितका माझा संशय वाढला. फोटो समोर असताना तो ऐकत नाही, याची हवालदारांना चीड येत होती. त्याला संध्याकाळी घरी सोडले आणि सकाळी पुन्हा हजर राहायला सांगितले. शुक्रवारी मी अकरा कर्मचारी आणि दोन होड्या घेऊन पलीकडच्या काठावर गेलो. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही तिवरांच्या झाडीत, मिठागरांत, पडक्या खोपटांत शोधले. नाव घेऊन हाका मारल्या. काही मिळाले नाही. कामगार दिवसभर ठाण्याच्या बाकावर होता. डबा तसाच परत घेऊन गेला.

शनिवारी सकाळी मी पेणजवळच्या जोहे या गणपतीच्या कारखान्यांच्या गावी गेलो, ते केवळ वेळ निश्चित करायला. मूर्तींचे फोटो कुठल्या कारखान्यात आणि किती वाजता काढले, ते कळले तर पुढचा प्रवास जुळवता आला असता. तिसऱ्याच कारखान्यात माणूस ओळखला गेला. माघी गणपतीची रंगाची घाई होती. पन्नाशीतल्या एक बाई हातातला ब्रश न ठेवताच बोलत होत्या.

"आलते ना, मंगळवारी. अकराच्या सुमाराला. एक डोळा मिटून कवाचे बघत व्हते. मी बोल्ले, काका, गनपतीला डोळा मारताय काय? तं हसले. मंग खाडीकडं जायाची वाट इचारली."

मी मूर्तींची प्रिंट दाखवली. त्यांनी एकदा पाहून परत दिली. "हा आमचा कारखाना नाय."

शेजारी बसलेली दुसरी बाई वाकून बघू लागली. "अगो, तो खांब बघ. आपलाच हाय, चुन्याची बोटं लावलेला."

"खांब आपला असंल गो. गनपती कुनाचे? सगळे उजव्या सोंडेचे!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, उजव्या सोंडेचा गनपती कडक असतो. त्याचं सोवळं पाळायला लागतं. कुनी मुद्दाम सांगितला तरच करतो आमी, वर्साला एखादा. अख्खी रांग कोन करंल?"

त्यांनी ब्रश ठेवला, कागद हातात घेतला आणि मागून पुढून पाहिला.

"तुमचा फोटो उलटा हाय."

मी कागद घेऊन दारात गेलो आणि पाठीमागून उजेडाला धरला. सोंडा डावीकडे वळल्या. खांब त्या कारखान्यात होता त्याच बाजूला आला. मग बारावी फ्रेम तशीच धरली. खाडी उजव्या हाताला आली.

आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी दरवर्षी गणपती बसतो. दोन दिवस त्या प्रिंट ठाण्याच्या टेबलावर पडून होत्या. एकाही माणसाने सोंड पाहिली नव्हती.

स्टुडिओवाल्याला फोन केला. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. पट्टी स्कॅनरवर कुठल्या बाजूने ठेवायची, याची त्याची आठवण चुकली होती. फिल्मच्या कडेला छापलेले आकडे उलटे दिसले असते, पण ती कड स्कॅनरच्या चौकटीखाली झाकली गेली होती.

कामगाराला गाडीत घेतले. गाडी थांबताच तो आमच्या पुढे बांधावर धावत गेला. उघाडीपासून तीसेक फुटांवर, बांधाच्या उताराखालच्या कोरड्या चरात, तिवरांच्या आड ते गृहस्थ पडलेले होते. त्यांना पहिल्यांदा त्यानेच पाहिले. डोक्याचा रुमाल सोडून त्याने त्यांच्या तोंडावर टाकला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. "मी हितंच बोल्लू व्हतू," असे तो म्हणाला. आमच्यापैकी कोणाकडे बघून म्हणाला नाही.

तेव्हा दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. खुब्याचे हाड मोडलेले होते. मोबाइल चराबाहेर, हात पोचणार नाही असा खाडीच्या चिखलात होता. पाण्याची बाटली रिकामी होती. आकस्मिक मृत्यूची नोंद केली. घातपाताचे काहीही आढळले नाही. शवविच्छेदनात मृत्यू शुक्रवारी संध्याकाळनंतर झाल्याचे मत आले. रोह्याला कळवायला मी स्वतः गेलो. पत्नीने मृत्यूची वेळ विचारली. मी सांगितली. शुक्रवारपर्यंत ते का सापडले नाहीत, असे त्यांनी विचारले. तेही सांगितले. शेवटी एवढेच म्हणाल्या, "ते पट्टी आधी उजेडात धरायचे. आकडे वाचायचे आणि मगच ठेवायचे. मी बाहेर बसले होते. मला विचारायचं तरी."

राहिलेल्या चार महिन्यांत माझ्याकडे जो फोटो आला, तो कोणी काढला, कोणी छापला, कुठल्या बाजूने, हे विचारल्याशिवाय मी कागदावर घेतला नाही. आणि माणूस खोटा वाटला तरी त्याने सांगितलेली जागा आधी पाहिली. तीस वर्षांच्या अनुभवाने मला माणसाचा आग्रह ओळखायला शिकवले होते. खरे बोलणाराही तितकाच आग्रह करतो, हे मी या प्रकरणात शिकलो. त्या कामगाराच्या घरी मी निवृत्तीनंतर एकदा गेलो. त्याने चहा दिला.

पंचनाम्यात मृताच्या शर्टाच्या खिशातून एक छोटी वही जप्त झाली. पहिल्या पानावर बारा फ्रेमच्या नोंदी आहेत. प्रत्येकीपुढे अंतर आणि शटरचा वेग. त्याखाली अक्षर बदलते. "मंगळ, ४ वा. पडलो. पाय हलत नाही." "बुध, सकाळ. सायकल गेली. आवाज निघेना." गुरुवारची नोंद नाही. शेवटची नोंद अशी आहे: "शुक्र, ११ वा. समोरच्या काठावर माणसे. माझे नाव घेतात. हाक दिली."

ठाण्याच्या स्टेशन डायरीत शुक्रवारी अकरा वाजता मी आणि अकरा कर्मचारी समोरच्या काठावर असल्याची नोंद आहे.