अंगठा झोपत नाही

फोनचं वेड सुटावं म्हणून संमोहन घ्यायला गेलो आणि तिथे गुंगी आल्याचं सोंग केलं. डॉक्टर मायेनं म्हणाले, "हात जड होतोय." नाही कसं म्हणणार? मी जड केला. मग हळूच डोळा किलकिला केला, तर मांडीवर माझा अंगठा फोन नसतानाही वर सरकत होता, पुन्हा पुन्हा. सोंग मी घेतलं होतं, त्यानं नव्हतं. घरी बायको काही सांगते तेव्हा मी देतो ते हुंकारही असेच माझ्यावाचून निघत असतील का? मग इतकी वर्षं तिचं ऐकलं कुणी? बाहेर आल्यावर घाबरत तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "एवढं शिकून शेवटी अंगठेबहाद्दरच झालात."