मारुती भोसले, बाजारपेठ, बारामती

भामाआत्यांनी हात पुढं केला नाही. निमगाव केतकीच्या वस्तीवर त्यांच्या ओट्यावर मी सुई, ट्यूब, कापूस सगळं मांडून बसले होते आणि त्या पदराखाली हात घेऊन माझ्याकडं बघत होत्या.

"येडीचं रगात कशाला पायजे तुमाला?" त्या म्हणाल्या.

मी बारामतीत पीएचडी करते. विषय न्यूरोडीजनरेशन, म्हणजे मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जाणं. मरताना त्यांच्यातलं एक प्रोटीन रक्तात उतरतं. ते लवकर पकडता येईल का, हे मी बघते. त्यासाठी माणसांचे दोन गट लागतात, विसरणाऱ्यांचा आणि न विसरणाऱ्यांचा. गट पाडायला एक फॉर्म असतो. सहा महिन्यांपूर्वी आमच्या फील्ड असिस्टंटनं वस्तीवर तो भरून घेतला, मी पहिलं रक्त घेतलं आणि गाईड सरांच्या सांगण्यावरून घरोघर एकेक स्लिप गेली. भामाआत्यांच्या स्लिपवर छापलं होतं, 'स्मृतिभ्रंशाची शक्यता : होय'. लोकांना फीडबॅक मिळाला पाहिजे, असं सरांचं म्हणणं. कुठल्या डॉक्टरनं तपासलेलं नाही, आणि आम्ही छापून मोकळे.

त्या स्लिपनं काय केलं ते आत्यांच्या मुलानं, संतोषनं सांगितलं. मेथी-कोथिंबीर घेऊन आत्या वर्षानुवर्षं आठवडी बाजारात बसायच्या. ते बंद केलं. रस्ता चुकल्या तर? गॅसजवळ जायचं नाही. मोबाईलही काढून घेतलेला. हे सगळं त्यानं काळजीपोटी केलं होतं, त्यामुळं त्याच्यावर चिडताही येईना. "मॅडम, कागदावर हाय की तसं," तो म्हणाला.

मी सुई बाजूला ठेवली आणि फॉर्म पुन्हा घेतला. वार, महिना, घरातली माणसं, सकाळी काय खाल्लं, सगळं चोख. मग सगळ्यात जड प्रश्न आला. एक नाव आणि पत्ता ऐकवायचा, पाच मिनिटं दुसरं काही बोलायचं आणि मग तो परत विचारायचा. नावासकट सगळं आलं नाही तर शून्य, आणि यात शून्य मिळालं की बाकी कितीही बरोबर असो, स्लिपवर 'होय'. पत्ता होता : मारुती भोसले, बाजारपेठ, बारामती.

पाच मिनिटांनी विचारलं. आत्या गप्प. मागच्या वेळीही अशाच गप्प बसल्या होत्या, आणि असिस्टंटनं नियमाप्रमाणं मिनिटभर थांबून शून्य टाकलं होतं. मीही मिनिट उलटू दिलं. मग फॉर्म मिटला आणि विचारलं, "आत्या, आठवत नाही, का सांगायचं नाही?"

"भोसल्याचा हाय, बारामतीच्या बाजारपेठंतला," त्या खाली बघत म्हणाल्या. "नाव आमच्या मालकाचं हाय. त्ये मी कसं घ्यावं?"

मालक जाऊन आठ वर्षं झाली होती. तरी नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही.

पहिला राग आला तो माझाच. इंग्रजी फॉर्मचं मराठी मीच केलं होतं. म्हाताऱ्या माणसांना सोपं जावं म्हणून नाव मुद्दाम खेड्यातलं निवडलं होतं आणि स्वतःवर खूशही झाले होते. मी वालचंदनगरच्या कंपनी क्वार्टर्समध्ये वाढले. आमची आई बाबांना नावानं हाक मारते. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मला माहीत नव्हत्या असं नाही, पण फॉर्म करताना त्या माझ्या डोक्यातच आल्या नाहीत.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. त्याच वस्तीवर आत्यांच्या दोन धाकट्या जावांनाही 'होय' मिळालं होतं. आत्यांचे मालक म्हणजे त्यांचे थोरले दीर. त्यांचंही नाव घेत नाहीत. मी तशीच उठून दोघींच्या घरी गेले. दोघींनी भोसले, बाजारपेठ, बारामती बरोबर सांगितलं आणि नावापाशी तोंडाला पदर लावला.

या तीन बायकांवर आमच्या सरांनी इमले बांधले होते. एका वस्तीवर तीन केसेस, तिघींत रक्ताचं नातं नाही, म्हणजे दोष विहिरीच्या पाण्याचा नाहीतर फवारणीच्या औषधाचा. अशा गोळा झालेल्या केसेसना क्लस्टर म्हणतात. सरांचं क्लस्टरवरचं पोस्टर कॉन्फरन्ससाठी तयार होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं.

"प्रोटोकॉल लॉक झालाय," सर म्हणाले. "मध्येच स्कोअर बदलता येत नाहीत."

"सर, त्यांना आठवतंय. त्या सांगत नाहीत."

"फॉर्ममध्ये तसा ऑप्शन आहे का?"

"नाही."

"मग शून्यच."

माझं डोकं फिरलं. त्या बाईचा बाजार तुटलाय असं म्हटलं, तर सर म्हणाले, तो सोशल इश्यू आहे, आपला नाही. स्लिप आपण दिली, घरात बाईला कोंडलं ते आपल्या सहीशिक्क्यावर, आणि इश्यू आपला नाही!

माणसांवरच्या संशोधनावर नजर ठेवायला एथिक्स कमिटी असते. मी तिला त्याच दिवशी पत्र दिलं. कमिटीनं न्यूरॉलॉजिस्ट पाठवला. तिघींनाही काहीही झालेलं नव्हतं. स्लिपा रद्द झाल्या, पोस्टर मागं घेतलं गेलं. सरांनी मला दुसऱ्या गाईडकडं ढकललं. माझं एक वर्ष गेलं. त्याचं काही वाटत नाही असं मी म्हणणार नाही, संताप होतो.

नवी स्लिप घेऊन मी स्वतः वस्तीवर गेले. संतोषनं ती दोनदा वाचली.

"आदीची पन तुमचीच व्हती की," तो म्हणाला.

पहिली स्लिप त्यानं एक शब्द न विचारता खरी मानली होती. दुसरीवर डॉक्टरची सही दाखवली, शिक्का दाखवला, हात जोडले, तेव्हा कुठं तो हो म्हणाला.

आमच्या फॉर्ममध्ये आता एक रकाना वाढलाय : 'आठवतं, पण सांगणार नाही'. डॉक्टरनं तपासल्याशिवाय स्लिप कुणालाच जात नाही. एवढी अक्कल यायला आम्हाला तीन शहाण्या बायकांना वेड्यात काढावं लागलं.

भामाआत्या बाजारात बसायला लागल्यात. पण दर आठवड्याला घरातून निघताना संतोष त्यांना विचारतो, "आई, आज वार कोन्ता?" मेथीच्या जुड्या बांधून बाजाराला निघालेल्या बाईला तो हे विचारतो. आत्या वार सांगतात, तारीखही सांगतात. मगच तो पाटी त्यांच्या डोक्यावर देतो.