मंगळवारचा शिवणक्लास, अल कुसैस

शिवण शिकणाऱ्या बायकांकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. चिंध्या आणि किस्से! दोन्ही टाकवत नाहीत.

दुबईत मंदी आली आणि घरोघरी ठरलं की आल्टरेशनला टेलरकडे जायचं नाही, घरीच करायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर शुभदाताई राहायच्या. पुण्यात शिवणाचा डिप्लोमा केलेल्या. शिष्या दोन, मी आणि माझी शेजारीण रेखा. मुलं शाळेत गेली की दर मंगळवारी माझ्या घरी क्लास भरायचा.

* * *

माझं मशीन तिसऱ्या मजल्यावरचं. एका सकाळी नातूर, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, दाराशी आला. "मॅडम, मशीन चाहिए? तीन सौ दो वाला फॅमिली खलास. चला गया."

मी खाली गेले. सोफा जागेवर, पडदे जागेवर, गॅसवर दुधाचं पातेलं. टेबलावर मशीन, आणि सुईखाली एक पिवळा फ्रॉक. घेराची दुमड अर्धी शिवलेली. सुई कापडात रुतलेली! बाई टीप मारता मारता उठली होती आणि थेट एअरपोर्टला गेली होती. नोकरी गेली, कर्जाचे हप्ते थकले की तेव्हा घरंच्या घरं अशी रातोरात पळायची.

शुभदाताई म्हणाल्या, "आधी तो फ्रॉक पुरा कर. अर्धं काम मशीनवर ठेवू नये."

माझ्या आयुष्यातली पहिली सरळ टीप मी एका अनोळखी बाईच्या टिपेला जोडून मारली. जोड कुठे आहे, ते मलाही सापडेना.

* * *

मापं घ्यायला शिकताना आम्ही रेखाचीच घ्यायचो. पहिल्या मंगळवारी कंबर बत्तीस. दुसऱ्या मंगळवारी एकतीस. मग तीस. मी म्हटलं, माझंच चुकतंय. शुभदाताईंनी टेप स्टीलच्या पट्टीला लावून बघितला. टेप बरोबर होता.

"रेखा, जेवतेस ना गं?"

"अहो ताई, डाएट!"

त्याच आठवड्यात सकाळी पावणेदहाला मी शाळेसमोरच्या पार्कातून येत होते. बाकावर रेखाचा नवरा. टाय, पॉलिशचे बूट, मांडीवर उघडा डबा. डब्यातल्या पोळ्यांकडे नुसता बघत बसला होता. मला बघून त्याने घड्याळ पाहिलं आणि हसून म्हणाला, "लंच ब्रेक!"

नोकरी जाऊन दोन महिने झाले होते. रेखाला माहीत होतं. तरी ती रोज डबा भरत होती आणि तो रोज टाय बांधत होता.

पुढच्या मंगळवारी मी टेप उचलला, तर शुभदाताईंनी माझ्या हातातून घेऊन गुंडाळून ठेवला. "मागचंच माप लिही," म्हणाल्या.

* * *

माझ्या नवऱ्याला, प्रसादला, एकदा इंटरव्ह्यूचा कॉल आला. सुटाची पँट लांब होत होती. मी म्हटलं, "मी करते!" डावा पाय जास्त कापला गेला. मग उजवा त्याच्या बरोबरीला आणला, तर तो आणखी वर गेला. शेवटी मोजे दिसायला लागले. प्रसाद तसाच गेला, बिचारा.

दुपारी परत आला आणि टाय सैल करून सोफ्यावर बसला.

मी घाबरत विचारलं, "पँटला हसले का रे?"

"विसाव्या मजल्यावर ऑफिस. दार उघडं, दिवे चालू, एसी चालू. रिसेप्शनवर अर्धा प्यालेला चहा. आत दोन फोन आलटून पालटून वाजत होते. तासभर बसलो."

"मग?"

"मग काय? पँट बघायला माणूसच नव्हतं!"

* * *

तो पिवळा फ्रॉक मी आमच्या इराच्या मापाचा केला. इरा सात वर्षांची. तिला तो घालून आम्ही दोघी खाली निघालो. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आपोआप थांबली. दार उघडलं. बाहेर कोणी नाही. तो मजला तेव्हा पूर्ण रिकामा होता.

दार मिटेना. मी बटण दाबत होते.

इराने फ्रॉकचा घेर दोन्ही मुठींत घट्ट धरला आणि बाहेर बघून म्हणाली, "नो. माय मम्मा फिनिश्ड इट."

दार मिटलं.

* * *

रेखाचा व्हिसा कॅन्सल झाला. कुटुंब पुण्याला परतलं. जाताना तिचा निळा ब्लाउज माझ्याकडेच राहिला. एक बाही लावलेली, दुसरी नुसती कापलेली. बाही ही रेखाची जन्माची अडचण! दर वेळी उलटी लावायची, शिवण बाहेर आणि सुलट बाजू आत. मग शुभदाताई ओरडणार, रेखा उसवणार आणि आम्ही हसणार.

ब्लाउज मी मशीनवर तसाच ठेवला. हात लावायचा धीर होईना.

पुढे प्रसादला फुजैराला, पोर्टवर, काम मिळायची आशा होती. तो बघायला जाणार म्हणून आम्ही तिघं शुक्रवार-शनिवार तिकडे गेलो. घराच्या दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये. शनिवारी दुपारी परत आलो, कुलूप काढलं. सगळं जिथल्या तिथे.

ब्लाउजला दुसरी बाही लावलेली होती. उलटी.

मी शुभदाताईंना वर जाऊन घेऊन आले. त्यांनी ब्लाउज खिडकीपाशी नेला, टिपेवरून बोट फिरवलं आणि खुर्चीत बसल्या. "मी नाही गं. मी उलटी लावीन का कधी?"

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. पुण्याचा नंबर. मी उचलला.

पलीकडून रेखा म्हणाली, "अगं, खरं सांग. बाही परत उलटीच लागली ना?"