ज्याच्या शब्दावर पोरं खांबावर चढायची

मेलेल्या माणसावर जळू नये म्हणतात.

मी जळतो. आज पहाटे शकीलभाई गेला, आणि मी अजून जळतोच आहे.

आम्ही दोघं बार्शीटाकळीकडच्या एका वीज उपकेंद्रात ऑपरेटर. एक ड्युटी त्याची, पुढची माझी. पगार तोच, खुर्ची तीच, बटणंही तीच.

आमचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाइनमनला तारेला हात लावायचा असेल तर तो आम्हाला फोन करून परमिट मागतो. आम्ही त्या लाइनची वीज बंद करतो, "बंद आहे, चढ" म्हणतो, आणि मगच तो खांबावर चढतो. तो उतरेपर्यंत बटणाला कुणी हात लावायचा नाही.

म्हणजे वर तो, खाली मी, आणि मध्ये नुसता माझा शब्द.

शकीलभाईच्या हातून कधी चूक झाली नाही. माझ्याही हातून झाली नाही. हे मुद्दाम लिहितोय.

तरी पोरं परमिट मागताना आधी विचारायची, "कोन हाय ड्युटीवर?"

शकीलभाई असला की, "मंग चढतो."

मी असलो की, "बरं साहेब." आणि फोन कट.

तो भाई. मी साहेब.

आणि मग तीच पोरं शकीलभाईला घरी फोन लावायची. त्याच्या सुट्टीच्या दिवशी! "भाई, साहेबानं बंद केलं म्हनते. जरा पायता का?"

मला कसं कळलं? मी परमिट दिलं की थोड्या वेळात भाईचा फोन यायचाच.

"काय करून राहिला बाप्पा? चहा झाला का? गजाननची लाइन बंद हाय न?"

"हाय न. काहून?"

"काई नाई, असंच."

असंच कसलं! तिकडे गजानन, आमचा सगळ्यात जुना लाइनमन, खांबाखाली उभा राहून भाईच्या होकाराची वाट बघत असायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. वीज बंद मी करायची, आणि भरवसा त्याच्यावर.

अमरावतीला एकदा ऑफिसनं ट्रेनिंग ठेवलं होतं. टीम बिल्डिंग. डोळे मिटून मागे पडायचं, मागच्यांनी झेलायचं. शकीलभाई पडायला लागला तर अर्धा हॉल धावला. माझ्या वेळेला ट्रेनर स्वतः मागे येऊन उभा राहिला, बिचारा.

परत येताना गाडीत मी त्याला सरळच विचारलं, "असं काय करतो रे तू?"

"काईच नाई. पोरगं वर असलं का मले घास गिळवत नाई, एवढंच."

ते खरंच होतं. कुणी खांबावर असला की तो डबा उघडायचा नाही. पोरांना माहीत होतं. वरून एकमेकांवर ओरडायची, "आटप बे, भाई उपाशी हाय!" रमजानमध्ये तर आणखीच घाई. "भाईचा रोजा हाय, अजानच्या आत उतरू."

मी पण करून पाहिलं. गजाननला फोनवर म्हटलं, "आटपा, मी पण जेवलो नाही अजून."

तो म्हणाला, "जेवून घ्या न साहेब. आमाले टाइम लागन."

जेवलो. काय करणार.

बरं, माणूस तरी वाईट असावा! कधी मिरवला नाही, कधी टोमणा नाही. नालायक असता तर माझं सोपं झालं असतं.

आजची ड्युटी त्याची होती. पहाटे छातीत कळ आली, अकोल्याला पोचेपर्यंत संपला. त्याच्या जागी मी आलो.

सकाळी वारा सुटला आणि तारेवर फांदी पडली. गेली ती नेमकी त्याच्या मोहल्ल्याची लाइन. घरात मयत, मोटर बंद, अंघोळ घालायला पाणी नाही.

गजाननचा फोन आला. कोण ड्युटीवर आहे हे आज त्यानं विचारलं नाही.

"साहेब, परमिट पायजे."

मी लाइन बंद केली. परत तपासली. "बंद आहे गजानन. चढ."

आज फोन कट झाला नाही.

मला कळलं. त्याला कुणाला तरी विचारायचं होतं, आणि विचारायला कुणी उरलं नव्हतं.

"साहेब, भाई गेले हो," तो म्हणाला, आणि रडायलाच लागला. इतक्या वर्षांत माझ्याशी कामाबाहेर एक शब्द न बोललेला माणूस खांबाखाली उभा राहून माझ्याजवळ रडत होता.

मी म्हटलं, "आधी रडून घे. डोळे नीट पूस. मग चढ."

"तुमी तिथंच रायजा साहेब."

"इथंच आहे. हलत नाही."

तो चढला.

खरं सांगू? मला बरं वाटलं. तिकडे शकीलभाई चादरीखाली, आणि इकडे पॅनलसमोर उभा राहून मला आतून बरं वाटत होतं. लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली.

"उतरलो साहेब. करा चालू."

थोड्या वेळानं परत गजानननंच सांगितलं, पाणी आलं म्हणून. आणि वर म्हणाला, "भाई असते तं आतापावतर तुमाले फोन आला असता त्यायचा."

झालं. परत भाईच.

शकीलभाई, तुझी जागा मला हवी होती. लपवत नाही. रोज हवी होती.

पण तू रिटायर होशील, नाक्यावर चहा पीत बसशील, आणि पोरं तुला विसरून मला फोन करतील, तू जळशील, अशी हवी होती.

अशी नाही रे.

ड्युटी सोडता येत नाही, मट्टीला पोचणार नाही. सुटलो की कबरीवर येतो.

सलाम, भाई. नीट जा.