दार आपटून लावणारा बाळादादा

फोन आला तेव्हा आई मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करत होती. मी उचलला. पलीकडून हेमावहिनी, बाळादादाची बायको, बोलत होत्या. दुपारचं जेवण झालं, कालवणात मीठ जास्त पडलंय हे सांगून झालं, मग जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत... मी आईला सांगितलं. दूध होऊन घंटी वाजेपर्यंत ती मायक्रोवेव्हवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मिठावरून बोलला ना? म्हणजे अगदी ठणठणीत होता हो शेवटपर्यंत." आणि डोळे पुसता पुसता आम्ही दोघी हसलो. बाळादादाची कुठलीही आठवण काढा, हसू येतंच. त्याच्या जाण्याच्या बातमीनेही ते टळलं नाही.

बाळादादा मूळचा उत्तनजवळच्या चौकचा, कोळी. घरच्या बोटीवर त्याला उलट्या व्हायच्या म्हणून तो विजेच्या कामात शिरला, हे तोच सगळ्यांना हसत सांगायचा. लग्नानंतर भाईंदर पश्चिमेला आईच्या शेजारच्या इमारतीत राहायला आला. पंखे, मिक्सर, इस्त्र्या सगळंच दुरुस्त करायचा, पण लाडका मायक्रोवेव्ह. नम्रपणाशी त्याचं वाकडं होतं. "भाईंदरात मायक्रोवेव्हचा डॉक्टर एकच हाय," असं तो खाली उभा राहून बोलला की तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचं. तपासायची रीतही डॉक्टरचीच. आधी विचारणार, "शेवटचं काय शिजवलेलं?" आईच्याच इमारतीतल्या एका वहिनींनी, समोरच्या जैन शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून, सुके बोंबील घराचं दार लावून मायक्रोवेव्हमध्ये भाजायला ठेवले होते. आत ठिणग्या उडाल्या, एका बाजूची पातळ पट्टी जळली आणि वास मात्र जिन्यात पोचलाच. बाळादादाने पट्टी बदलली आणि बोंबील कसे भाजायचे यावर वहिनींना व्याख्यान दिलं.

प्रश्न विचारून झाले की कपभर पाणी आत ठेवायचं, रिकामा कधीच चालवायचा नाही. मग दार धाडकन आपटून लावायचं, बटण फिरवायचं आणि पत्र्याला कान लावायचा. घरघर ऐकू आली की चेहरा फुलायचा. "जीव हाय!" घरघर असून पाणी गारच राहिलं, तर दोष आतल्या मोठ्या करंटच्या भागात. मग प्लग काढून सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर हाकलायचा. "प्लग काढला तरी आत करंट दबा धरून बसतो. तो मला वळखतो, तुमाला न्हाय."

आईच्या घरी मायक्रोवेव्ह म्हणजे चैन नव्हती. काचबिंदूने तिची नजर अधू झाली आणि एकदा गॅसवर पदर पेटता पेटता राहिला. पुण्याच्या माझ्या भावाने निक्षून सांगितलं, गॅस बंद, नाहीतर आईने त्याच्याकडे जायचं. आई एकटी राहते, मी दोन गल्ल्या सोडून. तिला स्वतःचं घर सोडायचं नव्हतं. तेव्हा बाळादादाने कुठूनतरी हा जुना, गोल बटणांचा मायक्रोवेव्ह आणला. आईच्या तुटलेल्या पोतीतला एक काळा मणी मागून घेतला आणि बटणाशेजारी, दोन मिनिटांच्या खुणेवर, चिकटवला. बोटाने मणी चाचपून, तिथून पुढचा अंदाज घेत आई भात, वरण, अगदी मोदकांची उकडसुद्धा करायला लागली. दसऱ्याला बाळादादा झेंडूची माळ घेऊन हजर, मायक्रोवेव्हच्या दारावर बांधलीच. "चूल हाय ती, पूजा नको?"

आणि त्या दिवाळीनंतर तो मायक्रोवेव्ह रुसला. आई बटण फिरवायची, पण दिवा नाही की घरघर नाही. बाळादादा आला, धाडकन दार लावलं, तर सुरू! तरी त्याने घरी नेला, खोलला, फ्यूज तपासला, एक भाग बदलला आणि विजयी मुद्रेने परत आणला. त्याची पाठ वळली की पुन्हा बंद. मग त्याने आमच्या प्लगला नावं ठेवली, वायरिंगवाल्याचा उद्धार केला. प्लग बदलला, तरी तेच. त्याच्यासमोर चालायचा, आईसमोर बंद पडायचा. भावाला कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "ताई, मशीन ठीक आहे. आईलाच आता जमत नाहीये. रविवारी येतो तिला न्यायला." आईने ते ऐकलं. कपाट उघडून साड्या काढायला लागली...

बाळादादाला मी हे सांगितलं तर तो तसाच उठून आला. त्या दिवशी त्याने मायक्रोवेव्हला हातही लावला नाही. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मावशी, आज तुमी चालवा. मी नुस्ता बघतो."

आईने कप ठेवला आणि दार हलकेच, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं तसं, लावलं. तिने उभ्या आयुष्यात कुठलं दार आपटलेलं नाही. बटण फिरवलं. काही नाही. बाळादादा उडी मारून उठला. दाराला केसभर फट राहिली होती. त्याने प्लग काढला, दाराचा आकडा ज्या खाचेत जातो तिथे विजेरी धरली आणि चिमट्याने ओढून काढला, वाळून कोळ झालेला झेंडू! दसऱ्याला त्यानेच बांधलेल्या माळेतला. आकडा पुरता आत जात नव्हता, म्हणून आतला स्विच दबत नव्हता. त्याने आपटलं की दबायचा.

मग बाळादादा एवढ्या जोरात हसला की खालचा वॉचमन वर आला. "क्या हुआ?" तो घाबरून विचारत होता. "डॉक्टरने खुद बीमार किया था, भाई!" बाळादादा म्हणाला. तिथूनच त्याने माझ्या भावाला फोन लावला. "दादा, गाडी काढू नका. मावशी बरोबर हाय, मी चुकलो." आईने साड्या परत कपाटात ठेवल्या आणि त्याच्यासाठी आल्याचा चहा टाकला. त्याच मायक्रोवेव्हमध्ये.

त्यानंतर दर दसऱ्याला तो एकच फूल आणायचा आणि कपात घालून मायक्रोवेव्हवर ठेवायचा, दारापासून लांब. यंदा दसरा आला, बाळादादा नव्हता. सकाळी आईने मला बाजारातून एकच झेंडू आणायला सांगितला. कपात घालून चाचपत वर ठेवला. दुसऱ्या कपात पाणी भरून आत ठेवलं. आणि माझ्या आईने, माझ्या त्या आईने, दार धाडकन आपटलं. मी दचकले. तिने मणी शोधला, बटण फिरवलं, वाकून पत्र्याला कान लावला आणि घरघर ऐकत हळूच म्हणाली, "हाय रे बाळा... जीव हाय."